परत म्हणून दाखवलं नाही, तर ऐकलंच नाही असं धरा

प्रति,
देशोदेशीच्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्था आणि हवाई वाहतूक नियंत्रण सेवांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, उतरायला आलेलं एक प्रवासी जेट आणि अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं. ६७ माणसं गेली. त्यानंतर हेलिकॉप्टरची उंची, नदीकाठचा मार्ग, टॉवरमधलं मनुष्यबळ या सगळ्यावर भरपूर बोलून झालं आहे, आणि ते बोलायलाच हवं होतं. मी हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांपैकी एक आहे, आणि मला आपल्याशी त्या रात्रीच्या ०.८ सेकंदांबद्दल बोलायचं आहे.

धडकेच्या सुमारे १७ सेकंद आधी टॉवरने हेलिकॉप्टरला जेटच्या मागून जायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी हेलिकॉप्टरच्या माइकचं बटण ०.८ सेकंद दाबलेलं होतं. बटण दाबलेलं असेपर्यंत तो रेडिओ फक्त बोलतो, ऐकत नाही. त्यामुळे ‘मागून जा’ एवढे शब्द बहुधा कॉकपिटपर्यंत पोहोचलेच नाहीत, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितलं. त्याच्या जवळपास दोन मिनिटं आधी आणखी एक शब्द हरवला होता. जेट १२०० फुटांवर आहे आणि वळसा घेऊन ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येतंय, असं टॉवर सांगत होता. त्यातला वळशाचा उल्लेख हेलिकॉप्टरमध्ये ऐकू आला नसावा, असं तिथल्या व्हॉइस रेकॉर्डरवरून दिसतं. वळसा वगळून ते वाक्य वाचलं तर विमान सरळ येतंय असंच कुणालाही वाटेल, आणि माणूस ते शोधायला नजरही त्याच दिशेला टाकेल.

आता ‘मागून जा’ला आलेलं उत्तर पाहा. हेलिकॉप्टरने कळवलं की ट्रॅफिक दिसतंय, व्हिज्युअल सेपरेशन द्या, म्हणजे अंतर आम्ही आमच्या डोळ्यांनी राखू. टॉवरने मंजुरी दिली. मागून जाण्याबद्दल उत्तरात अवाक्षरही नव्हतं. ते का नाही, हे विचारायला संभाषणात जागाच उरली नव्हती, कारण ‘दिसतंय’ म्हटलं की पुढचं सगळं वैमानिकाच्या नजरेवर सोपवायचं, ही रीत सगळीकडे अंगवळणी पडलेली आहे. ती बदला, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

हे लिहिताना त्या नियंत्रकाकडे किंवा हेलिकॉप्टरमधल्या त्या तीन सैनिकांकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही. हेलिकॉप्टर मार्ग आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं यांच्यात काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचं अंतर उरत होतं, हे तपास मंडळाने अपघातानंतर दोन महिन्यांच्या आत जाहीर केलं. नकाशावर इतकं कमी अंतर ठेवायचं आणि उरलेली सगळी सुरक्षितता एका रेडिओ वाक्यावर टांगायची, हा निर्णय टॉवरमधल्या माणसाचा नसतो. तो आपल्या कार्यालयांत होतो. म्हणून पत्र आपल्याला.

आपल्यापैकी अनेकांनी मोठी विमानं उडवली असतील किंवा रडारसमोर वर्षं काढली असतील. हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधून रेडिओ कसा भासतो हे कदाचित जवळून पाहिलेलं नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर कुठल्या बाजूला न्यायचं ते ठरवणारा दांडा. तो बहुतेक हेलिकॉप्टरांत सोडता येत नाही, विशेषतः हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबलेलं असताना. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा. दोन्ही पाय पेडलवर. बोलायचं बटण सायक्लिकच्या मुठीवर, तर्जनीखाली असतं, आणि बऱ्याच हेलिकॉप्टरांत ते दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की इंटरकॉम, म्हणजे आवाज फक्त आतल्या माणसांना जातो. पूर्ण दाबलं की रेडिओ, म्हणजे बाहेर सगळ्यांना. या दोन टप्प्यांमध्ये बोटाची एक किंचित हालचाल असते, आणि खाली अख्खं यंत्र थरथरत असतं. बोट अर्ध्यावर राहिलं तर वैमानिक टॉवरला नीट उत्तर देतो, पण ते शेजारी बसलेल्या सहकाऱ्यापलीकडे जात नाही. बोट जास्त दाबलं गेलं तर सहकाऱ्याशी चाललेलं बोलणं फ्रिक्वेन्सीवर जातं, आणि तेवढा वेळ बाहेरून येणारं काहीच ऐकू येत नाही. हातमोजे घातलेले असले, अंधारात पाहण्याचे गॉगल चढवलेले असले, कुणी तरी मागून पेशंटची अवस्था सांगत असलं, तर ही चूक व्हायला वेगळं कारण लागत नाही.

मग ऑडिओ पॅनेल. प्रवासी विमानाचे वैमानिक मुख्यतः नियंत्रकाशी आणि स्वतःच्या कंपनीशी बोलतात. रुग्णवाहिका हेलिकॉप्टरमध्ये नियंत्रक, रुग्णालय, जमिनीवरचं बचाव पथक आणि आतले डॉक्टर असे चार आवाज एकाच हेडसेटमध्ये येतात. पोलिसांचं हेलिकॉप्टर असेल तर त्यांचं वायरलेस, समुद्रावर असेल तर जहाजांचा बँड. प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायची खुंटी वेगळी, आणि आपण नेमकं कुणाशी बोलतोय हे ठरवणारा निवड-स्विच एकच. तो चुकीच्या खुणेवर राहिला की टॉवरला द्यायचं उत्तर रुग्णालयाला जातं, आणि टॉवरला ऐकू येते ती फक्त शांतता. गिअरबॉक्सचा आणि रोटरचा आवाज माइकमध्ये शिरतोच. कंपामुळे आवाज कापरा होतो, शब्दांचे शेवट गळतात. नियंत्रकांनीही हे अनुभवलेलं असतं: हेलिकॉप्टरचा कॉल त्यांना अर्धा समजतो आणि उरलेला अर्धा ते अंदाजाने भरून काढतात. अपेक्षित उत्तर आलं असं वाटलं की कान तेच ऐकतात.

त्यात विमान वाहतुकीचा रेडिओ अजूनही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीने चालतो. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्या तिसऱ्याला किंकाळीसारखी शिट्टी किंवा खरखर ऐकू येते. बोलणाऱ्या दोघांना मात्र काहीच कळत नाही, दोघांनाही वाटतं की आपलं बोलणं पोहोचलं. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट आदळून ५८३ माणसं मेली, तेव्हा नियंत्रकाचं थांबण्याचं वाक्य आणि दुसऱ्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे वाक्य असंच एकमेकांत अडकलं होतं. तेव्हापासून शब्दावली सुधारली, ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगीखेरीज वापरायचा नाही असा दंडक आला. दोन आवाज एकमेकांवर पडण्याची मूळ अडचण मात्र तशीच आहे. तिच्यावर आजही सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते ऐकणारा तिसरा माणूस. फ्रिक्वेन्सीवरचा कुणी तरी ‘ब्लॉक्ड’ म्हणतो, आणि दोघंही पुन्हा बोलतात.

वॉशिंग्टनमध्ये हा तिसरा माणूसच नव्हता. हेलिकॉप्टर एका फ्रिक्वेन्सीवर होतं आणि विमान दुसऱ्या. त्या वेळी दोन्ही कामं एकाच नियंत्रकाकडे होती आणि तो दोन्हींवर बोलत होता, पण हेलिकॉप्टरला विमानाचे वैमानिक ऐकू येत नव्हते आणि विमानाला हेलिकॉप्टर. ज्या दोघांच्या वाटा एकमेकींना छेदणार होत्या ते दोघं एकमेकांसाठी मुके होते. जेटच्या वैमानिकांना नुसता हेलिकॉप्टरचा ‘ट्रॅफिक दिसतंय’ हा कॉल ऐकू आला असता, तरी आपल्या आसपास कुणी तरी आहे एवढं त्यांना कळलं असतं. त्यांनी काय केलं असतं ते मी सांगू शकत नाही. पण काही करण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती.

हेलिकॉप्टरांना वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ठेवण्यामागचं कारण मला मान्य आहे. गजबजलेल्या विमानतळावर खालून फिरणारी डझनभर हेलिकॉप्टरं मुख्य फ्रिक्वेन्सीवर बोलू लागली तर उतरणाऱ्या विमानांना बोलायला फट मिळणार नाही. लष्करी हेलिकॉप्टरं तर अनेकदा यूएचएफवर, म्हणजे वेगळ्याच रेडिओ पट्ट्यात असतात, आणि ते नागरी विमानांना ऐकूच येत नाही. तरी यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. एका फ्रिक्वेन्सीवर आलेला आवाज जमिनीवरच्या केंद्रातून आपोआप दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करायची सोय कित्येक नियंत्रण केंद्रांत आहे आणि शांत वेळेत रोज वापरली जाते. एक नियंत्रक जेव्हा दोन फ्रिक्वेन्सी सांभाळतो तेव्हा ही जोडणी चालू असलीच पाहिजे. जोडणी चालू केल्यावर फ्रिक्वेन्सीवर बोलायला जागा उरत नसेल, तर त्याचा अर्थ ते काम एका माणसाचं नाही, आणि दुसऱ्या खुर्चीवर माणूस बसवायला हवा.

आता उंचीबद्दल. विमान वाहतुकीचा हा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत जातो. वैमानिकांना शिकवलं जाणारं ढोबळ गणित असं, की फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला १.२३ ने गुणलं की नॉटिकल मैलांत पल्ला मिळतो. ३५,००० फुटांवरच्या विमानाला सुमारे २३० नॉटिकल मैल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर मिळतात. २०० फुटांवरच्या हेलिकॉप्टरला मिळतात जेमतेम १७, म्हणजे ३२ किलोमीटर, आणि तेही सपाट जमिनीवर. जमिनीवरचा अँटेना उंचावर असेल तर थोडी भर पडते. मध्ये टेकडी आली, उंच इमारतींची रांग आली, दरी आली की संपलं. संपर्क तुटतो तेव्हा कुठला इशाराही वाजत नाही. वैमानिक बोलतो, उत्तर येत नाही, आणि नियंत्रक कामात असेल असं समजून तो पुढे जातो.

२६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात कॅलाबासासजवळ धुक्यात एक सिकॉर्स्की हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि इतर सात जण त्यात होते. ढगात शिरण्याचा वैमानिकाचा निर्णय आणि त्याचं सुटलेलं दिशाभान हे त्या अपघाताचं कारण ठरलं, रेडिओ नव्हे. हे स्पष्ट सांगूनच पुढचं लिहितो. त्या उड्डाणाचं शेवटच्या काही मिनिटांतलं संभाषण वाचलं की अंगावर काटा येतो, कारण आपण नेमके कुणाच्या देखरेखीखाली आहोत याबद्दल दोन बाजूंची समजूत वेगवेगळी होती. आधीच्या नियंत्रकाने लवकरच रडार आणि रेडिओ दोन्ही तुटतील असं सांगून ठेवलं होतं. मग खुर्चीवर दुसरा नियंत्रक आला. हेलिकॉप्टर इतकं खाली आहे की फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे रडारवरून नजर ठेवण्याची सेवा, देता येणार नाही, असं वैमानिकाला सांगण्यात आलं. त्याने ४००० फुटांवर चढत असल्याचं कळवलं, पुढे काय करणार असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. ‘सेवा इथे संपली’ हे वाक्य कुणी स्पष्ट म्हटलं नाही, तर वैमानिक अजूनही कुणी तरी बघतंय असं धरून चालतो. सेवा सुरू झाली हे जितक्या ठसठशीतपणे सांगितलं जातं, तितक्याच ठसठशीतपणे ती संपल्याचंही सांगितलं गेलं पाहिजे, आणि तेही परत म्हणून घेतलं पाहिजे.

एका हातातून दुसऱ्या हातात जाताना निसटणं, हा सगळ्यात जुना धोका. ८ ऑगस्ट २००९ ला न्यू यॉर्कच्या हडसन नदीवर एक छोटं पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकून नऊ जण मेले. टेटरबरो विमानतळाच्या नियंत्रकाने विमानाला शेजारच्या नेवार्क विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर जायला सांगितलं. वैमानिकाने परत म्हणून दाखवलेली फ्रिक्वेन्सी चुकीची होती आणि ती चूक दुरुस्त झाली नाही. नेवार्कच्या नियंत्रकाला धोका दिसला होता. त्याने विमानाला वळवायला सांगितलंही, पण ते विमान तोवर कुणाच्याच फ्रिक्वेन्सीवर सापडत नव्हतं. हेलिकॉप्टर तिसरीकडेच होतं, नदीवरच्या ठरलेल्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर. टेटरबरोचा नियंत्रक त्या वेळी कामाशी संबंध नसलेल्या फोनवर बोलत होता, हेही तपासात आलं. या प्रकरणात रीडबॅकची, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवण्याची पद्धत पाळली गेली होती, हे मी मुद्दाम लक्षात आणून देतो. वैमानिकाने परत म्हटलं होतं. परत म्हटलेलं ऐकायचं असतं, हा दुसरा अर्धा भाग राहून गेला. नियंत्रकाचा एक कान टेलिफोनला आणि दुसरा रेडिओला असेल, तर कागदावरची पद्धत कितीही चोख असून उपयोग नाही.

शांततेबद्दल दोन शब्द. २ जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर पर्यटकांची दोन हेलिकॉप्टरं धडकली, चार जण गेले. तिथे टॉवर नव्हता, वैमानिकांनी एकमेकांना कॉल देऊन अंतर राखायचं होतं. निघणाऱ्या हेलिकॉप्टरच्या अँटेनात बहुधा दोष होता आणि त्यामुळे त्याचा निघण्याचा कॉल बाहेर गेलाच नसावा, असा तिथल्या तपास संस्थेचा निष्कर्ष. उतरणाऱ्या वैमानिकासाठी शांतता म्हणजे ‘अजून कुणी निघालेलं नाही’. खरं तर तिचा अर्थ एवढाच होता, की काही ऐकू आलेलं नाही. टॉवरच्या हद्दीतही हीच गफलत होते. फरक इतकाच, की तिथे ऐकणारा माणूस असतो, त्यामुळे आपण निर्धास्त राहतो.

आणि रूढीबद्दल. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी आपल्याच बाजूची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण मारले गेले. त्या घटनेला अनेक पदर आहेत. माझ्या विषयाशी संबंधित पदर असा: त्या हद्दीत शिरल्यावर सगळ्यांनी तिथल्या फ्रिक्वेन्सीवर यायचं, असा नियम लिहिलेला होता. हेलिकॉप्टरं मात्र दीर्घ काळ आपल्या नेहमीच्या मार्ग-फ्रिक्वेन्सीवरच राहत आली होती, आणि त्यांना हवेतून नियंत्रित करणाऱ्या अवाक्स विमानातल्या माणसांनीही ते चालवून घेतलं होतं. लढाऊ विमानं नियमाप्रमाणे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर होती. त्यामुळे हेलिकॉप्टरांना आपल्यावर रोखलेल्या विमानांचं बोलणं ऐकूच आलं नाही. युद्धक्षेत्र आणि नागरी टॉवर यांची तुलना होत नाही, हे खरं. पण ‘हेलिकॉप्टरांचं वेगळं असतं’ हे वाक्य दोन्हीकडे तितक्याच सहजतेने म्हटलं जातं. आम्हाला नेहमी अपवाद म्हणून वागवलं जातं. कधी आम्हीच तो अपवाद मागून घेतो, कारण त्याने काम सोपं होतं.

शब्दावलीतही आम्ही असेच अपवाद आहोत. साधं उदाहरण घ्या. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत एअर टॅक्सी म्हणजे विमानतळावर जमिनीलगत, साधारण ताशी ३७ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने सरकणं. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिच्या पुस्तकात अशा सरकण्याला हॉवर टॅक्सी म्हणतात, आणि एअर टॅक्सी म्हणजे १०० फुटांच्या खालून, पण बऱ्यापैकी वेगाने जाणं. एका पद्धतीत शिकलेला वैमानिक दुसऱ्या पद्धतीच्या टॉवरकडून तेच दोन शब्द ऐकतो आणि नियंत्रकाच्या मनातल्या चित्रापेक्षा वेगळीच हालचाल करतो. दोघांनीही पुस्तकाप्रमाणेच केलेलं असतं. हे एक दुरुस्त करायला कुठलं यंत्र लागत नाही, बैठक लागते.

आकड्यांचंही तसंच. उंचीमापकात भरायचा वायुदाबाचा आकडा १००३ असताना १०१३ ऐकला गेला, तर समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला २७ ते ३० फूट धरून उंचीमापक सुमारे पावणेतीनशे फूट जास्त दाखवतो. दहा हजार फुटांवरच्या विमानाला ती चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. ५०० फूट वाचून उडणारं हेलिकॉप्टर प्रत्यक्षात सव्वादोनशे फुटांवर असतं, जिथे तारा आणि क्रेन असतात. आमच्यासाठी आकड्यांच्या रीडबॅकमध्ये ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं.

हे सगळं लक्षात घेऊन माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी. दोन विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणारी कुठलीही सूचना, मग ती उंचीची असो, थांबण्याची असो किंवा कुणाच्या मागून-पुढून जाण्याची असो, हेलिकॉप्टरने शब्दशः परत म्हटल्याशिवाय ती पोहोचली असं धरू नये. ‘रॉजर’, म्हणजे नुसतं ‘ऐकलं’, चालणार नाही, ‘ट्रॅफिक दिसतंय’ चालणार नाही. ‘सीआरजे (त्या रात्रीच्या जेटचा प्रकार) दिसतंय, त्याच्या मागून जातो’ असं पूर्ण वाक्य आलं तरच पोहोचलं. आज अनेक ठिकाणी दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या हेलिकॉप्टरला अशा सूचनेला नुसती पोच देऊन भागतं. आयकाओच्या नियमांतही धावपट्टी, उंची, दिशा आणि दाब यांच्या सूचना परत म्हणणं बंधनकारक आहे. बाकीच्या सूचनांना समजल्याची स्पष्ट पोच दिली तरी चालते. मागून जाण्याची सूचना त्या ‘बाकी’मध्ये पडते, आणि ती तिथे पडता कामा नये. परत म्हणायला दोन सेकंद लागतात. फ्रिक्वेन्सीवर दोन सेकंद नसतील, तर त्या हवेत त्या क्षणी एक उड्डाण जास्त आहे, आणि नियंत्रकाने हेलिकॉप्टरला बाहेर थांबवावं. थांबणं आम्हाला जमतं, आमच्या यंत्राची खासियतच ती आहे.

रात्री, विमानतळाच्या उतरणीच्या वाटेवर, नुसत्या ‘दिसतंय’वर सेपरेशन देणं बंद करा. शहराच्या दिव्यांत विमानाचा दिवा कुठला आणि त्याच्या मागच्या विमानाचा कुठला, हे गॉगल लावलेल्या माणसाला ठरवता येत नाही. त्याने खरंच काही तरी पाहिलेलं असतं. तेच विमान पाहिलं का, हे रेडिओवरून तपासायचा कुठलाही मार्ग नाही. पोटोमॅकवरचा तो हेलिकॉप्टर मार्ग अपघातानंतर बंद झाला. तसे इतर मार्ग आपापल्या देशात कुठे आहेत, ते अपघाताची वाट न पाहता शोधता येतात, कारण रडारची जुनी नोंद आपल्याकडे पडून असते. वॉशिंग्टनमध्येही ती होती. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात एक मैलाच्या आत आणि उंचीत ४०० फुटांपेक्षा कमी फरकाने विमानं आणि हेलिकॉप्टरं जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी तपास मंडळाने त्याच साठ्यातून काढल्या.

हेलिकॉप्टरांच्या नेहमीच्या वाटांवर खालच्या उंचीचा रेडिओ कुठे पोहोचतो आणि कुठे नाही, याचे नकाशे तयार करून छापा. ते प्रत्यक्ष उडून मोजलेले हवेत, संगणकावरून काढलेले नकोत. जिथे संपर्क तुटतो तिथे वैमानिकाला आधीच माहीत असेल, तर तो शांततेचा चुकीचा अर्थ लावणार नाही. समुद्रातल्या तेलफलाटांवर आणि काही डोंगरी भागांत खालच्या उंचीसाठी जादा रिसीव्हर बसवले गेले आहेत, तेव्हा हे जमत नाही असं म्हणता येणार नाही. जमिनीवरच्या काही नव्या रेडिओंत दोन आवाज एकदम आले तर नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा देणारी सोयही असते. नवी खरेदी करताना ती अट घाला.

अँटेना आणि माइकच्या बटणाची तपासणी देखभालीच्या यादीत नावाने यायला हवी. अडकलेलं बटण आणि अर्धा मेलेला अँटेना हे दोष जमिनीवर, इंजिन बंद असताना सापडतातच असं नाही. दुसऱ्या स्टेशनशी बोलून, दूरवरून, कंप चालू असताना ते तपासावे लागतात.

नियंत्रकांना हेलिकॉप्टरमधून फिरवा आणि आम्हाला टॉवरमध्ये बसवा. एकदाच, ओळख करून देण्यापुरतं नको, नेमाने. ज्याने एकदा हॉवरमध्ये असताना फ्रिक्वेन्सी बदलायची धडपड जवळून पाहिली, तो नियंत्रक पुन्हा कुणाला जमिनीपासून वीस फुटांवर नवा आकडा देणार नाही. आणि ज्याने गर्दीच्या तासाला टॉवरमध्ये उभं राहून ऐकलं, तो वैमानिक बटण दाबण्याआधी एक क्षण थांबून ऐकेल.

शेवटी नोंदींबद्दल. अमेरिकेत १९७६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून नाव न उघडता घटना कळवायची सोय आहे. जिथे अशी सोय नाही किंवा नावापुरती आहे, तिथे अर्धवट ऐकलेल्या सूचना, एकमेकांवर पडलेले आवाज, चुकीच्या स्विचवर दिलेली उत्तरं यांची कुठेच नोंद होत नाही. त्यातून काही बिघडलं नाही तर दोन्ही बाजू गप्प बसतात, कारण कळवणाऱ्याचंच लायसन्स आधी तपासलं जाईल अशी भीती असते. ती भीती लेखी हमी देऊन काढा. आणि आलेल्या नोंदींमधून हेलिकॉप्टरांच्या नोंदी वेगळ्या काढून दर वर्षी प्रसिद्ध करा. आज त्या छोट्या विमानांच्या ढिगात मिसळून जातात आणि त्यांच्यातला सारखेपणा कुणाला दिसत नाही.

यातल्या पहिल्या मागणीसाठी कायदा बदलायची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक टॉवरच्या प्रमुखाला स्थानिक सूचना काढता येते. ती या महिन्यात काढावी आणि तिची प्रत आपल्या हद्दीत उडणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टर चालकाला, लष्करी तुकड्यांसह, पाठवावी, एवढी विनंती.

आपला विश्वासू,
एक हेलिकॉप्टर वैमानिक